वाचकांचे प्रश्न : लिनक्सवर रात्रीची स्क्रीन पिवळसर करण्यासाठी कोणता प्रोग्रॅम निवडावा?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावरची आहेत. संध्याकाळनंतर स्क्रीनचा निळसर पांढरा उजेड डोळ्यांना टोचतो, मोबाइलमध्ये त्यासाठी सोय असते, मग लिनक्सवर काय वापरावे, असे वाचक विचारत आहेत. त्यांपैकी सहा पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : मी घरून मुद्रितशोधनाचे काम करते आणि ते बहुधा रात्री नऊनंतरच सुरू होते. आठ वर्षे जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती आहे. शोध घेतल्यावर एफ-लक्स, रेडशिफ्ट, गॅमास्टेप, एससीटी, नाइट लाइट अशी इतकी नावे समोर आली की गोंधळच उडाला. यांतले नेमके कोणते घ्यावे? — एक वाचिका, सातारा

उत्तर : ही नावे थोडा वेळ बाजूला ठेवा आणि आधी आपल्या संगणकाबद्दलच्या दोन गोष्टी पाहून घ्या. एक म्हणजे डेस्कटॉप, म्हणजे एक्सएफसीई किंवा ग्नोमसारखे स्क्रीनवरचे कामाचे वातावरण, कोणता आहे आणि दुसरी म्हणजे स्क्रीनवर खिडक्या मांडण्याचे काम एक्स-इलेव्हन ही जुनी व्यवस्था करते की वेलँड ही नवी. या दोन्ही गोष्टी कळल्या की निवड जवळजवळ झालेलीच असते. बहुतेक याद्या हे सांगतच नाहीत आणि म्हणून त्या वाचून माणूस अधिकच गोंधळतो.

व्यवस्थेचा संबंध कुठे येतो, हे कळण्यासाठी या प्रोग्रॅमांचे काम कसे चालते ते पाहू. संगणकाच्या ग्राफिक्स यंत्रणेत लाल, हिरवा आणि निळा या तिन्ही रंगांसाठी एकेक तक्ता असतो. त्याला गॅमा रॅम्प म्हणतात आणि कोणत्या मूल्याला प्रत्यक्षात किती उजेड द्यायचा ते त्यात ठरलेले असते. वर दिलेल्या प्रोग्रॅमांपैकी कोणताही घेतला, तरी तो या तक्त्यांमध्ये निळ्याची मूल्ये बरीच आणि हिरव्याची थोडी खाली आणतो, लाल जवळजवळ तसाच ठेवतो आणि पांढरा कागद दिव्याखाली दिसावा तसा पिवळसर दिसू लागतो. एक्स-इलेव्हनमध्ये कोणताही साधा प्रोग्रॅम हे तक्ते बदलू शकतो. वेलँडमध्ये मात्र त्यांचा ताबा खिडक्या मांडणाऱ्या मुख्य प्रोग्रॅमकडे, म्हणजे कंपॉझिटरकडे असतो आणि त्याने वाट करून दिली नसेल, तर बाहेरच्या प्रोग्रॅमला तेथे हात लावता येत नाही. जुन्या लेखांतला सल्ला आज अनेकांच्या संगणकावर लागू पडत नाही, तो याच कारणाने.

आता डेस्कटॉपकडे वळू. ग्नोममध्ये ही सोय ३.२४ या आवृत्तीपासून, म्हणजे मार्च २०१७ पासून आहे आणि तिचे नाव नाइट लाइट. केडीई प्लाझ्मामध्ये ती २०१७ च्या ५.११ या आवृत्तीत फक्त वेलँडसाठी आली आणि २०१९ च्या ५.१७ पासून एक्स-इलेव्हनवरही चालू लागली. मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपमध्ये ती ६.४ या आवृत्तीत आली आणि जानेवारी २०२५ च्या मिंट २२.१ सोबत लोकांच्या हाती पडली. या तिघांपैकी एखादा डेस्कटॉप असेल, तर त्याची स्वतःची सोय वापरावी आणि दुसरे काही बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन प्रोग्रॅम एकाच वेळी त्याच तक्त्यांमध्ये लिहू लागले की स्क्रीन दर काही क्षणांनी पांढरी-पिवळी होत राहते आणि दोष नेमका कोणाचा हे शोधण्यात संध्याकाळ निघून जाते.

तुमच्या एक्सएफसीईमध्ये मात्र अशी अंगभूत सोय नाही आणि मिंटची ती आवृत्ती एक्स-इलेव्हनवर चालते. तेव्हा तुमच्यासाठी रेडशिफ्ट हे सरळ उत्तर आहे. जॉन लुंड स्टेफेन्सन यांनी एफ-लक्सपासून प्रेरणा घेऊन लिहिलेला हा मुक्त स्रोताचा प्रोग्रॅम असून त्याची १.१२ ही शेवटची आवृत्ती २०१८ साली निघाली. इतक्या वर्षांत नवी आवृत्ती नाही म्हणून कोणी त्याला टाकाऊ ठरवत असेल, तर एक्स-इलेव्हनपुरते ते मला पटत नाही. त्याचे काम मर्यादित आहे, ज्या व्यवस्थेवर ते चालते ती स्थिरावलेली आहे आणि तेवढे काम तो आजही नेमके करतो.

बसवल्यानंतर त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये आपल्या गावाचे अक्षांश आणि रेखांश स्वतः लिहून ठेवावेत. साताऱ्यासाठी १७.७ आणि ७४.० पुरेसे आहेत, याहून बारकाईची गरज नाही. त्यावरून रेडशिफ्ट सूर्याची उंची काढतो. सूर्य क्षितिजाच्या वर ३ अंशांपेक्षा उंच असेल तोवर दिवस, क्षितिजाखाली ६ अंशांहून खोल गेला की रात्र आणि मधल्या ९ अंशांत रंग हळूहळू बदलत नेणे, असा त्याचा मूळ नियम आहे. आपल्याकडे सूर्य बराचसा सरळ खाली उतरतो, त्यामुळे हा बदल साधारण चाळीस मिनिटांत पुरा होतो आणि कामात गुंतलेल्या माणसाला तो जाणवतही नाही. सूचनापट्टीवर चिन्ह हवे असेल, तर रेडशिफ्ट-जीटीके हे त्याचे सोबतचे पॅकेजही घ्यावे. थोडा वेळ मूळ रंग पाहायचे असतील, तेव्हा त्या चिन्हावरून ते बंद करता येते.

एससीटी हा टेड उनांग्स्ट या ओपनबीएसडी कार्यप्रणालीच्या विकसकाने २०१५ साली लिहिलेला अगदी छोटा प्रोग्रॅम आहे. त्याला एक आकडा द्यायचा, तो रंग लावतो आणि निघून जातो. त्याला ना घड्याळ कळते ना सूर्य. ज्यांना सगळे आपल्या हातात हवे आहे, त्यांनी तो जरूर घ्यावा. एफ-लक्स हा मायकेल आणि लॉर्ना हर्फ यांचा २००९ सालचा प्रोग्रॅम असून ही कल्पना लोकांपर्यंत पोहोचवण्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. मात्र त्याचा स्रोत खुला नाही आणि रेडशिफ्ट उपलब्ध असताना लिनक्सवर तो घेण्याचे कारण मला दिसत नाही.

रेडशिफ्टबद्दल एक सावधगिरी सांगतो. त्याला कायम चालू न ठेवता टर्मिनलमधून एकदाच रंग लावण्याचा पर्याय आहे; डॅशनंतर मोठ्या लिपीतील ओ आणि पुढे आकडा लिहायचा. १.१२ या आवृत्तीत ही आज्ञा दुसऱ्यांदा दिली, तर आधीच पिवळ्या झालेल्या तक्त्यांवर नवा पिवळेपणा चढतो आणि स्क्रीन अधिकाधिक तांबडी होत जाते. त्यासाठी सोबत डॅश आणि मोठ्या लिपीतील पी हा पर्याय द्यावा, म्हणजे जुना रंग आधी पुसला जातो. सर्व मूळपदावर आणायचे असेल, तर डॅश आणि लहान लिपीतील एक्स पुरेसे आहे.

प्रश्न : माझ्या उबुंटूमध्ये नाइट लाइट चालू आहे आणि वेळ ‘सूर्यास्त ते सूर्योदय’ अशी ठेवली आहे. पूर्वी हे व्यवस्थित चालत असे. आता रात्रीचे दहा वाजले तरी स्क्रीन पांढरीच राहते. मी काही बिघडवले आहे का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : तुमच्या हातून काही बिघडले असण्याची शक्यता कमी आहे. ग्नोमला सूर्यास्ताची वेळ काढण्यासाठी तुमचे ठिकाण माहीत असावे लागते आणि ते त्याला जिओक्लू नावाची सेवा सांगते. आसपासच्या वायफाय जाळ्यांवरून ठिकाण ओळखण्यासाठी ही सेवा बरीच वर्षे मोझिलाच्या लोकेशन सर्व्हिसवर अवलंबून होती. ती सेवा मोझिलाने २०२४ साली बंद केली. त्यानंतर ज्या संगणकांवर जिओक्लूला दुसरा आधार जोडून मिळाला नाही, तेथे ठिकाणच कळेनासे झाले आणि ठिकाण नाही म्हणून सूर्यास्तही नाही, अशी स्थिती आली. रेडशिफ्टमध्ये ठिकाण आपोआप शोधण्याचा पर्याय ठेवणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो. वरच्या उत्तरात अक्षांश-रेखांश स्वतः लिहायला सांगितले, ते याचसाठी.

आधी सेटिंगमधील गोपनीयतेच्या विभागात जाऊन स्थानसेवा चालू आहे का ते पाहा. ती चालू असूनही उपयोग होत नसेल, तर ‘सूर्यास्त ते सूर्योदय’ सोडून वेळ स्वतः ठरवून द्या. आपल्याकडे त्याने फारसे काही बिघडत नाही. नागपुरात सूर्यास्त नोव्हेंबरअखेरीस साडेपाचच्या आसपास आणि जुलैच्या सुरुवातीला सातच्या आसपास होतो, मुंबईत तोच सहा ते सात-वीस या दरम्यान. म्हणजे वर्षभराचा फरक दीड तासाच्या आतबाहेर. संध्याकाळी सातपासून सकाळी सहापर्यंत अशी वेळ एकदा लावून दिली की बाराही महिने काम भागते आणि आपण कुठे आहोत हे कोणत्याही सेवेला कळवण्याची गरज राहत नाही. माझ्या स्वतःच्या संगणकावरही वेळ अशीच ठरवून दिलेली आहे.

वेळ हाताने लावूनही रंग बदलत नसेल आणि संगणकात एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड असेल, तर ड्रायव्हरची आवृत्ती तपासावी. या कंपनीच्या स्वतःच्या ड्रायव्हरमध्ये वेलँडखाली गॅमाचे तक्ते बदलण्याची सोय ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ५४५ या मालिकेपासून आहे. त्याआधीच्या ड्रायव्हरवर ग्नोममधील या सोयीचा स्क्रीनवर काहीच परिणाम होत नाही.

प्रश्न : नुकताच स्वे या विंडो मॅनेजरकडे वळलो. रेडशिफ्ट सुरू केला की तो चालू असल्याचे दिसते, पण रंगात काहीच फरक पडत नाही. — एक वाचक, पुणे

उत्तर : स्वे हा वेलँडचा कंपॉझिटर आहे आणि रेडशिफ्ट एक्स-इलेव्हनसाठी लिहिलेला आहे. वेलँडखाली जुन्या प्रोग्रॅमांसाठी एक्सवेलँड नावाचा थर असतो. रेडशिफ्टला त्या थराशी बोलता येते, पण खऱ्या स्क्रीनपर्यंत त्याचे म्हणणे पोहोचत नाही. तुम्ही गॅमास्टेप घ्या. तो रेडशिफ्टपासूनच फुटून निघालेला प्रकल्प आहे, त्यात वेलँडचा आधार जोडलेला आहे आणि सेटिंगची रचनाही जवळजवळ तीच असल्याने तुमची जुनी फाइल थोड्या फरकाने वापरता येईल. याहून सुटसुटीत हवे असेल, तर डब्ल्यूएल-सनसेट पाहावा. त्याला अक्षांश, रेखांश आणि दिवसाचे व रात्रीचे अशी रंगाची दोन तापमाने दिली की पुरे; हे तापमान केल्विनमध्ये मोजतात आणि आकडा जितका लहान तितका रंग अधिक पिवळा. हे दोन्ही प्रोग्रॅम गॅमा नियंत्रणाच्या ज्या प्रोटोकॉलवर चालतात, तो स्वेप्रमाणेच वेफायर आणि लॅबडब्ल्यूसी यांसारख्या कंपॉझिटरांमध्येही आहे. ग्नोम आणि प्लाझ्मा यांच्यामध्ये तो नाही, म्हणून हेच प्रोग्रॅम तेथे वेलँडवर चालवण्याचा आटापिटा करू नये. हायपरलँड हा कंपॉझिटर वापरणाऱ्या वाचकांसाठी त्याच प्रकल्पाचा हायपरसनसेट आहे.

आपण एक्स-इलेव्हनवर आहोत की वेलँडवर, हे ज्यांना माहीत नाही त्यांनी ग्नोमच्या सेटिंगमधील ‘अबाउट’ या पानावर सिस्टिमचा तपशील उघडावा. ‘विंडोइंग सिस्टिम’ या ओळीत उत्तर लिहिलेले असते. प्लाझ्मामध्येही प्रणालीची माहिती देणाऱ्या पानावर ते सापडते.

प्रश्न : मी लग्नपत्रिका आणि दिनदर्शिका यांची अक्षरजुळणी व मांडणी करतो. परवा रात्री नाइट लाइट चालू असताना हळदीचा पिवळा रंग निवडला आणि छापून आला तो भलताच. ग्राहकाला पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये तर रंग आणखी वेगळा दिसत होता. असे का होते? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : स्क्रीनशॉटपासून सुरुवात करू. स्क्रीनशॉट घेताना संगणक जे चित्र उचलतो, ते गॅमाच्या तक्त्यांतून जाण्याआधीचे असते. पिवळेपणा त्यानंतर, अगदी शेवटच्या टप्प्यावर चढतो. त्यामुळे तुमच्या ग्राहकाने पाहिलेला रंग फाइलमधला खरा रंग होता आणि तुमच्या डोळ्यांसमोर होता तो बदललेला. पिवळ्या झालेल्या स्क्रीनवर पिवळा रंग निवडताना डोळा त्या झाकेला सरावलेला असतो. निळे कमी झालेले असल्याने फिकट पिवळा आणि पांढरा यांतला फरकही नीट कळत नाही.

रंग निवडण्याच्या आणि तपासण्याच्या वेळी हा प्रोग्रॅम पूर्ण बंद असला पाहिजे, यात तडजोड नको. थोडासाच पिवळेपणा ठेवला तर चालेल का, असे अनेक जण विचारतात. तेही चालत नाही. तुम्ही मॉनिटरचे रंग उपकरण लावून जुळवून घेतले असतील, तर आणखी एक बाब लक्षात ठेवा. त्या जुळवणीची दुरुस्तीसुद्धा याच गॅमाच्या तक्त्यांमध्ये भरली जाते. रात्रीचा रंग लावणारा प्रोग्रॅम ती दुरुस्ती पुसून टाकू शकतो आणि तो बंद केल्यावर ती परत आलीच असेल, असे गृहीत धरता येत नाही. म्हणून रंगाच्या कामाला बसण्यापूर्वी त्या जुळवणीची फाइल, म्हणजे प्रोफाइल, पुन्हा लावून घ्यावे. शक्य असल्यास संगणकावर दोन वेगळी खाती करावीत, एक मांडणीच्या कामाचे आणि एक रात्रीच्या वाचनाचे. मजकूर भरणे, शुद्धलेखन पाहणे ही कामे रात्री पिवळ्या स्क्रीनवर खुशाल करा आणि रंगाची कामे दिवसा ठेवा.

प्रश्न : किती केल्विन ठेवावे? माझ्याकडे पट्टी सरकवून पाहते तेव्हा सुरुवातीला काहीच फरक वाटत नाही आणि शेवटी एकदम नारिंगी होते. शिवाय माझा दहावीतला मुलगा रात्री लॅपटॉपवर अभ्यास करतो. या प्रोग्रॅममुळे त्याच्या डोळ्यांचे रक्षण होईल आणि त्याला झोप नीट लागेल का? — एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : पट्टीचा तुमचा अनुभव अगदी बरोबर आहे आणि त्याला कारण आहे. रंगातील फरक डोळ्याला जाणवतो तो केल्विनच्या वजाबाकीने नव्हे, तर त्या आकड्याच्या व्यस्ताच्या प्रमाणात. दहा लाखांना केल्विनने भागल्यावर जो आकडा येतो त्याला मायरेड म्हणतात. ६५०० वरून ५५०० वर आलो तर फरक २८ मायरेडचा पडतो आणि ३५०० वरून २५०० वर आलो तर तो ११४ मायरेड होतो. हजार केल्विन दोन्हीकडे सारखेच, तरी दुसरा बदल चौपट मोठा. म्हणून पट्टीच्या खालच्या टोकाला हात सावकाश चालवावा.

दिवसाचा पांढरा उजेड म्हणून स्क्रीनवर ६५०० केल्विन धरतात आणि जुन्या तारेच्या बल्बचा उजेड साधारण २७०० केल्विनचा असतो. खोलीत पांढरी एलईडी ट्यूब असेल, तर ४५०० च्या आसपास ठेवावे. पिवळा दिवा असेल, तर ३५०० पर्यंत खाली यायला हरकत नाही. मेजावर एक कोरा कागद ठेवून स्क्रीनवरचा पांढरा रंग त्याच्याशी मिळता येईपर्यंत पट्टी सरकवणे, हा मला सर्वांत भरवशाचा उपाय वाटतो. एका दिवसात खाली न येता आठवडाभरात उतरावे, म्हणजे डोळ्यांना सवय होते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी जपून देतो, कारण येथे आशा वाढवून ठेवणे बरोबर नाही. डोळ्याच्या पडद्यातील काही पेशी दिवस-रात्रीची खूण मेंदूला देतात आणि त्या ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या उजेडाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. कल्पना म्हणून हे सर्व येथवर पक्के आहे. परंतु स्क्रीन पिवळी केल्याने झोप प्रत्यक्षात सुधारते, असे ठामपणे म्हणता येत नाही. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने १८ ते २४ वयाच्या १६७ जणांवर केलेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फोनवरची अशी सोय वापरणारे आणि न वापरणारे यांच्या झोपेत एकंदरीत फरक आढळला नाही. स्क्रीनच्या निळ्या उजेडाने डोळ्यांना इजा होते, हेही अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी मान्य करत नाही. डोळे चुरचुरतात ते बहुधा पापण्या कमी मिटल्यामुळे आणि जवळ टक लावून पाहिल्यामुळे. दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहण्याची जी सवय नेत्रतज्ज्ञ सांगतात, ती मुलाला लावणे अधिक मोलाचे आहे.

मग हा प्रोग्रॅम वापरावा की नाही? मी वापरतो आणि तुम्हीही वापरून पाहावा, असेच सांगेन. अंधारत चाललेल्या खोलीत निळसर पांढरा चौकोन डोळ्यांसमोर असणे त्रासाचे वाटते आणि तो त्रास याने कमी होतो, एवढा लाभ खरा आहे. मात्र त्याच्या जोडीला स्क्रीनची प्रखरता कमी केलीच पाहिजे, कारण एकूण उजेड तसाच ठेवून नुसता रंग बदलणे हे अर्धेच काम आहे. लॅपटॉपवर ती कळफलकावरच्या कळीने कमी होते. वेगळा मॉनिटर असेल, तर मॉनिटरचे बटण वापरा किंवा डीडीसीयुटिल हा प्रोग्रॅम घ्या. तो केबलमधून मॉनिटरला आज्ञा देऊन खरोखर मागचा दिवाच मंद करतो. रेडशिफ्टमध्येही प्रखरतेचा पर्याय आहे, पण तो दिवा मंद न करता तक्त्यांतील मूल्ये कापतो आणि मग गडद छटा एकमेकींत मिसळून जातात. तो पर्याय शक्यतो वापरू नये.

प्रश्न : मी जर्मनीत श्टुटगार्टला असतो. डेबियन आणि एक्सएफसीई वापरतो. उन्हाळ्यात सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो आणि मी दहाला झोपतो, त्यामुळे रेडशिफ्टचा उपयोगच होत नाही. हिवाळ्यात तो दुपारी साडेचारलाच स्क्रीन पिवळी करतो, तेव्हा कार्यालयाचे काम चालू असते. — एक वाचक

उत्तर : तुमच्यासाठी सूर्य हा चुकीचा मोजमापाचा आधार आहे. रेडशिफ्टच्या १.१२ या आवृत्तीपासून सेटिंगच्या फाइलमध्ये पहाटेची आणि संध्याकाळची वेळ स्वतः लिहिता येते. प्रत्येक ठिकाणी सुरुवात आणि शेवट असे दोन आकडे द्यायचे, म्हणजे मधल्या काळात रंग हळूहळू बदलतो. या दोन्ही वेळा लिहिल्या की अक्षांश-रेखांशांची गरजच उरत नाही. वेळ चोवीस तासांच्या घड्याळाप्रमाणे लिहावी लागते, तेव्हा संध्याकाळसाठी १९:३० ते २०:३० आणि सकाळसाठी ६:०० ते ७:०० असे लिहून पाहा. उद्या वेलँडवर गेलात, तर गॅमास्टेपच्या फाइलमध्येही हेच आकडे जसेच्या तसे लिहिता येतील.